दुपारची तलफ, रात्रीची तलफ: गोड न सोडता वजन कसं राखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: उंचीच्या मानाने वजन आता ठीक आहे, बऱ्याच मेहनतीने ते तिथे आणलंय. पण दुपारी चार-साडेचारला आणि रात्री जेवण झाल्यावर गोडाची जबरदस्त तलफ येते. गोड पूर्ण बंद केलं की आठ-दहा दिवस निभावतं, मग एखाद्या संध्याकाळी बिस्किटांचं किंवा चॉकलेटचं अख्खं पाकीट संपतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "आजपासून बंद". हे साखरेचं व्यसन आहे का? मनोनिग्रह कमी पडतोय का? गोड कायमचं सोडावं लागेल का?

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ रोज भेटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. गोड कायमचं सोडावं लागत नाही. वजन राखायला दिवसाचा एकूण हिशेब जमावा लागतो आणि त्यात थोडं गोड सहज बसतं. खरी अडचण गोडाच्या वेळेची आहे. चार वाजताची तलफ चार वाजता सुरू होत नाही, तिची तयारी आदल्या रात्रीच्या झोपेपासून आणि सकाळच्या नाश्त्यापासून झालेली असते. रात्रीची तलफ वेगळी. तिचा भुकेशी फारसा संबंध नसतो, ती सवयीतून येते. या दोन्हींवर "गोड बंद" हा एकच उपाय लावला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं.

व्यसनाबद्दल म्हणाल, तर गोडाची आवड आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. नवजात बाळाच्या जिभेवर गोड थेंब टेकवला की त्याचा चेहरा सैलावतो, कडू लागलं की तोंड वेडंवाकडं होतं. आईच्या दुधातही लॅक्टोज ही साखर असतेच. तेव्हा गोड आवडतं याची लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. "साखरेचं व्यसन" हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं निदानही नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी निघाली. रोज काही तास खाणं आणि साखर दोन्ही तोडून मग समोर ठेवली, की उंदीर अधाशासारखे साखरेवर तुटून पडायचे. साखर सतत मिळत असली तर त्यांचं वागणं तसं होत नव्हतं. तोडणं आणि तुटून पडणं या दोन गोष्टी जोडीने येतात. तुमच्या आठ-दहा दिवसांच्या चक्रातही तेच दिसतंय.

स्वतःपुरती एक परीक्षा करून बघा. साखरेचा डबा स्वयंपाकघरात कायमच असतो. तलफ आली म्हणून त्यातून चमच्यामागून चमचे साखर तुम्ही कधी खाल्ली आहे का? बहुतेकांचं उत्तर "नाही" असतं. ओढ असते ती चॉकलेट, केक, आइस्क्रीम, क्रीमची बिस्किटं यांची, म्हणजे साखर आणि स्निग्ध पदार्थ एकत्र आलेल्या, चावायला फारसे कष्ट न लागणाऱ्या खाण्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली केलेला प्रयोग या बाबतीत मला फार महत्त्वाचा वाटतो. २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या जेवणात साखर, स्निग्धांश, तंतू आणि एकूण उष्मांक सारखे ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तरी अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोने वाढलं आणि साध्या खाण्यावर तितकंच उतरलं. म्हणून "माझं गोडावर नियंत्रण नाही" असं म्हणण्याआधी नेमक्या कोणत्या पदार्थावर नाही, ते लिहून काढा. यादी बहुधा तीन-चार पदार्थांचीच निघते आणि मग काम बरंच सोपं होतं.

आता दुपारची तलफ. ही तलफ सांगणाऱ्या माणसाकडून मी आधी तीन दिवसांची नोंद मागते: काय खाल्लं, किती, किती वाजता. त्या नोंदी एकमेकींशी इतक्या जुळतात की नमुना म्हणून एक इथे देते. सकाळी आठला दोन चमचे साखर घातलेली कॉफी, जॅम लावलेले दोन टोस्ट. साडेबाराला वजनाच्या काळजीने भाज्यांचं सूप आणि वाडगाभर काकडी-टोमॅटोचं सॅलड. त्यानंतर काम. साडेचारला एक बिस्किट, मग दुसरं, मग पुडाच. ही नोंद आणणाऱ्या बाई सांगतात, "दिवसभर मी इतकं शहाण्यासारखं खाते, चारला काय होतं कळत नाही." पण नोंदीत ते स्वच्छ लिहिलेलं असतं. साडेचारपर्यंत पोटात जेमतेम पाचसहाशे किलोकॅलरी गेल्या आहेत आणि प्रथिनं बारा-पंधरा ग्रॅम. पोटात कावळे ओरडत असतात, फक्त कामाच्या नादात ते ऐकू येत नाहीत. अशा वेळी शरीर सर्वांत लवकर ऊर्जा देणारी वस्तू मागतं आणि ती गोड असते. याला मी तलफ म्हणतच नाही, ही सरळ भूक आहे.

भूक आहे की तलफ, हे ओळखायची साधी खूण अशी: समोर उकडलेली अंडी किंवा डाळीचा वाडगा ठेवला तर खाल का? "हो, काहीही द्या" असं उत्तर आलं तर भूक. "नको, चॉकलेटच हवं" असं आलं तर तलफ.

नाश्त्याच्या रचनेचा इथे मोठा वाटा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजाराहून अधिक लोकांच्या रक्तातली साखर सतत मोजली गेली. खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी काहींची साखर सुरुवातीच्या पातळीच्याही खाली घसरत होती. ज्यांची घसरण मोठी, त्यांना भूक जास्त लागत होती, पुढचं खाणं ते लवकर खात होते आणि दिवसभरात सुमारे ३०० किलोकॅलरी जास्त घेत होते. एकच नाश्ता दोघांनी खाल्ला तरी दोघांची घसरण सारखी नसते, त्यामुळे मैत्रिणीला जॅम-टोस्ट चालतो म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. तुमचा नाश्ता तुमच्या साडेदहा-अकराच्या भुकेवरून पारखायचा.

दर जेवणात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, हे मी धरत असलेलं माप. दोन अंड्यांत साधारण १२-१३ ग्रॅम मिळतात, म्हणजे दोन अंड्यांवर थांबलात तर निम्मंच झालं, सोबत दूध किंवा दही हवं. पाणी निथळलेलं घट्ट दही वाडगाभर, त्यात ओट्स, फळाचे तुकडे आणि मूठभर बदाम किंवा अक्रोड हा नाश्ता गोड आवडणाऱ्यांना विशेष मानवतो, कारण फळाची गोडी त्यात असतेच. दुपारच्या जेवणात डाळी, कडधान्यं, सोयाबीन, मासे, चिकन यांपैकी काहीतरी हवं आणि धान्यही हवं. वजनाच्या भीतीने दुपारच्या जेवणातून धान्य काढून टाकणारे लोक संध्याकाळी तेच पीठ बिस्किटाच्या रूपात, साखर आणि तेलासकट खातात. सॅलड खाऊ नका असं मी म्हणत नाही, सॅलडला जेवण समजू नका एवढंच.

मग चार वाजता, तलफ यायच्या आधी, ठरवून काहीतरी खायचं. आधी, हे महत्त्वाचं. साडेचारला अर्धवट बधिर डोक्याने निवड करावी लागली की ती बिस्किटांच्याच बाजूने होते. एक फळ आणि ३० ग्रॅम बदाम, म्हणजे मुठीत मावतील एवढे. त्यातून पावणेदोनशे किलोकॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, फळाच्या ६०-८० किलोकॅलरी वेगळ्या. "म्हणजे मी अडीचशे वाढवायच्या?" हा प्रश्न मला हमखास येतो. क्रीमच्या बिस्किटांचा १०० ग्रॅमचा पुडा ४५० ते ५०० किलोकॅलरींचा असतो, हे त्याचं उत्तर.

झोपेचं नाव या संदर्भात कमी घेतलं जातं, म्हणून थोडं थांबते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. भूक वाढली, ती जास्त करून गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. प्रयोग लहान होता, पण नोंदवह्यांत मला तेच चित्र दिसत आलं आहे. रात्री दीडला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाला मी आहाराचा कितीही नेटका तक्ता दिला, तरी चार वाजता तो हातात राहत नाही. तुमची झोप सहा तासांच्या आत असेल तर सुरुवात ताटापासून करू नका, अंथरुणापासून करा.

आणि पातळ साखर. पर्ड्यू विद्यापीठात २००० साली एक छान तुलना झाली. त्याच माणसांना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरी जेली बीन्स या गोळ्यांच्या रूपात दिल्या आणि चार आठवडे तेवढ्याच गोड पेयाच्या रूपात. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसांनी नकळत बाकीचं खाणं तेवढं कमी केलं. पेय प्यायले तेव्हा काहीच कमी झालं नाही आणि वजन वाढलं. द्रवातली साखर पोट मोजतच नाही म्हणा ना. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ सपाट चमचे. फळांचा रस "नैसर्गिक" म्हणून यातून सुटत नाही. तीन-चार संत्री पिळून झालेला पेला दोन मिनिटांत संपतो, तीच संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यानंतरच हात थांबतो. गोडात कपात करायची तर पहिली कात्री इथे लावा. चघळून खाल्लेल्या गोडाचा आनंद तरी मिळतो, हे तर तहानेच्या नावाखाली जातं.

चहा-कॉफीतली साखरही याच खात्यातली. मी लोकांना त्यांच्या रोजच्या चमच्याने, रोजच्यासारखीच साखर घेऊन ती वजनकाट्यावर टाकायला सांगते. सपाट चमचा चार ग्रॅमचा, पण हाताच्या सवयीने घेतलेला शिगोशीग चमचा सहा-सात ग्रॅमचा भरतो. ज्याला आपण "दोन चमचे" म्हणतो ते खरं तर तीन-साडेतीन असतात. सपाट दोन चमचेच धरले आणि दिवसाला तीन कप, तरी २४ ग्रॅम साखर आणि साधारण ९६ किलोकॅलरी झाल्या. हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या गणितानुसार, रोजच्या खाण्यात सुमारे २४ किलोकॅलरींचा कायमचा फरक पडला तर कालांतराने वजनात सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात दिसतो, उरलेला पुढच्या दोनेक वर्षांत. म्हणजे फक्त कपातली साखर जवळपास चार किलोंचा फरक ठरवू शकते. एकदम शून्यावर येऊ नका. पाव चमचा कमी करा, दोन आठवडे तिथेच राहा, मग पुढचा पाव. जीभ बदलते, हे मोजलं गेलं आहे. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेतल्या प्रयोगात तीन महिने साखर कमी खाल्लेल्यांना तेच पुडिंग आधीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त गोड लागू लागलं. मात्र गोडाची आवड काही कमी झाली नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण "महिनाभर साखर सोडा, मग गोड नकोसंच होईल" असं आश्वासन सर्रास दिलं जातं आणि तसं झालं नाही की लोकांना वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. आवड राहते. थोडक्यात भागायला लागतं, हा फायदा.

आता रात्रीची तलफ. पोट भरलेलं असतं, तरी गोडासाठी जागा असते. यामागे शरीराची एक ठरलेली रीत आहे. एकाच चवीचं खात राहिलं की त्या चवीचा कंटाळा येतो, पण दुसऱ्या चवीची भूक शाबूत राहते. बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. म्हणून खारट-तिखट जेवणानंतर गोड हवंसं वाटणं यात वावगं काही नाही. प्रश्न त्यानंतरच्या तासाचा आहे. जेवण आटोपलं, भांडी झाली, सोफ्यावर बसून टीव्ही किंवा मोबाइल सुरू केला, आणि हात पाकिटाकडे गेला. हा क्रम महिनोन्‌महिने रोज झाला की सोफ्यावर बसणं हीच गोडाची हाक होते. तलफ त्या जागेला आणि त्या वेळेला चिकटलेली असते. अशांना मी विचारते, बाहेरगावी गेल्यावर रात्री दहाला असंच होतं का? बहुतेक थोडं आठवून म्हणतात, "नाही, तिकडे आठवणही येत नाही."

यावर माझा उपाय असा: गोड खायचं, पण जेवणालाच जोडून, जेवणाच्या जागी बसूनच, बशीत काढून, पाकीट परत जागेवर ठेवल्यानंतर. टीव्ही-मोबाइल बंद. आणि सोफ्यावर गोड अजिबात न्यायचं नाही, एकदाही नाही. जेवणाला जोडून खाल्लेलं गोड थोडक्यात पुरतं कारण पोट आधीच भरलेलं असतं. प्रथिनं आणि तंतू सोबत असल्याने रक्तातली साखरही भसकन चढून भसकन उतरत नाही. दातांनाही हे बरं, कारण दातांचं नुकसान दिवसात किती वेळा गोड खाल्लं यावर जास्त अवलंबून असतं. सोफ्याशी जोडलेली सवय सुटायला मात्र काही आठवडे जातात आणि मध्ये एखादा दिवस "आज तरी" म्हणून सूट दिली की ती पुन्हा ताजी होते. इथे कडक राहावं लागतं. कडकपणा जागेबाबत ठेवायचा, गोडाबाबत ढील द्यायची. माझ्या पाहण्यात ही अदलाबदल अतिशय चांगली चालते.

किती गोड? जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की मुक्त साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. २००० किलोकॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मुक्त साखरेत वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस येतो. अख्खं फळ आणि दुधातली साखर येत नाही. वजन राखणाऱ्यांसाठी मी रोज १०० ते १५० किलोकॅलरींचं गोड धरते. २५ ग्रॅम चॉकलेट, म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा पाव भाग, किंवा आइस्क्रीमचा एक छोटा गोळा. हे अगदी थोडं वाटेल. हळू खाल्लं तर पुरतं, उभ्याउभ्या खाल्लं तर चव कळायच्या आत संपतं. आणि जे तुम्हाला खरंच आवडतं तेच घ्या. आवडत्या चॉकलेटच्या जागी "पौष्टिक" वडी खाऊन मन भरलं नाही की अर्ध्या तासाने चॉकलेट खाल्लं जातंच, हिशेब दोन्हींचा भरावा लागतो.

पूर्ण बंदीबद्दल मात्र प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. एखाद्या पदार्थावर थोड्या दिवसांची बंदी घातली तर त्याची तलफ वाढते, असं प्रयोगांत दिसतं, विशेषतः आधीच खाण्यावर लगाम ठेवून असणाऱ्यांमध्ये. विचार दाबून टाकायला गेलं की तो उलट जास्त वर येतो, हे डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली, लोकांना "पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका" असं सांगून केलेल्या प्रयोगात दाखवलं होतं, चॉकलेटच्या बाबतीतही पुढे तसंच आढळलं. पण कित्येक आठवडे, महिने एखादा पदार्थ खाल्लाच नाही तर त्याची तलफ बहुधा विझत जाते, हेही तितकंच खरं आहे. म्हणजे बंदी चालत नाही असं नाही, आठ-दहा दिवसांची बंदी चालत नाही. तुम्ही दर वेळी तलफ चढणीला असतानाच येऊन अडकता. वरून बंदीच्या दिवसांत जेवणही आवळलेलं असतं, त्यामुळे भूक आणि तलफ दोघी एकदम चालून येतात. माझा कल असा: तुमच्या यादीतला एखादाच पदार्थ असा असेल की एक घास घेतला की पाकीट संपेपर्यंत थांबता येत नाही, तर तो घरात आणू नका. बाहेर, चारचौघांत, एका वेळेपुरता खा. बाकीचं गोड मापात चालू ठेवा.

अख्खं पाकीट संपण्यामागे आणखी एक कारण आहे. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी आहारनियंत्रण करणाऱ्यांवर अनेक वर्षं प्रयोग केले. नियंत्रण न करणारा माणूस आधी मिल्कशेक प्यायला की नंतर आइस्क्रीम कमी खातो. नियंत्रण करणाऱ्याने तोच मिल्कशेक प्यायला, की तो आइस्क्रीम उलट जास्त खातो. "जाऊ दे, आजचा दिवस बिघडलाच" हे त्या क्षणी मनात येतं. वजन वाढतं ते या वाक्यामुळे, तिसऱ्या बिस्किटामुळे नाही. तीन बिस्किटं म्हणजे दीडशे किलोकॅलरी, दिवस त्याने बिघडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर एक किलो जास्त दिसलं तर घाबरू नका. एका रात्रीत एक किलो चरबी चढायला साधारण ७७०० किलोकॅलरी गरजेपेक्षा वरच्या खाव्या लागतील. तो किलो बराचसा पाण्याचा असतो. पिष्टमय पदार्थ आणि साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते तेव्हा दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. दोन-तीन दिवस नेहमीसारखं खाल्लं की ते उतरतं. शिक्षा म्हणून नाश्ता बुडवलात, तर चार वाजताची तलफ तुम्हीच बोलावून घेतलीत.

तलफ येऊन दारात उभीच असेल तेव्हाचे दोन उपाय मी हमखास देते, कारण दोन्ही तपासले गेले आहेत. एक, पंधरा मिनिटं भरभर चालणं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात नियमित चॉकलेट खाणाऱ्यांवर हे करून पाहिलं, तलफही उतरली आणि कामाच्या मेजावर ठेवलेलं चॉकलेटही सुमारे निम्मंच खाल्लं गेलं. दुसरा उपाय ऐकायला पोरकट वाटतो. तलफ बरीचशी डोळ्यांपुढच्या चित्रावर जगते: तो पदार्थ दिसतो, त्याचा वास जाणवतो, तो विरघळताना कसा लागेल हेही जाणवतं. डोळ्यांच्या कल्पनेला दुसरं काम दिलं की चित्र पुसट होतं. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला लावलं आणि तलफ कमी झाली. ठोकळे जुळवण्याचा कोणताही खेळ किंवा चित्रकोडं हाताशी ठेवा. भूक असेल तर मात्र हे दोन्ही करू नका, जेवा.

पर्यायांचं थोडक्यात आटोपते. मध आणि तपकिरी साखर ही वजनाच्या हिशेबात साखरच. कृत्रिम गोडी वजन नियंत्रणासाठी वापरू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची सशर्त शिफारस आहे. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. रोज दोन कोला पिणाऱ्याने काही काळ साखरविरहित कोलावर यायला माझी हरकत नसते, पुढे पाण्यावर यायचं एवढं ठरलेलं हवं. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटांत पीठ आणि तेल तेवढंच असतं, वेष्टनाची मागची बाजू वाचा. डार्क चॉकलेटमध्ये साखर कमी असली तरी स्निग्धांश जास्त असल्याने उष्मांक दुधाळ चॉकलेटपेक्षा कमी नसतात. कडसरपणामुळे माणूस लवकर थांबतो, हा त्याचा उपयोग.

काही वेळा तलफ आहाराच्या पलीकडची असते आणि तेव्हा माझ्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील आणि गोडाच्या ओढीसोबत घाम, थरथर, धडधड होत असेल, तर साखर खाली गेलेली असू शकते. तेव्हा चालायला जाऊ नका, खेळ खेळू नका. १५ ग्रॅम साखर ताबडतोब घ्या, १५ मिनिटांनी रक्तातली साखर मोजा, ती अजून ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर पुन्हा घ्या. भूक-तहान फार वाढली, लघवीला वारंवार जावं लागतंय आणि न ठरवता वजन उतरतंय, तर रक्त तपासा. स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधं, उदाहरणार्थ ओलान्झापिन किंवा मिर्टाझापिन, भूक वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींची भूक आणि गोडाची ओढ वाढते, त्या दिवसांत चारचं खाणं थोडं मोठं ठेवलं तर पुष्कळ फरक पडतो. आणि थोड्या वेळात खूप खाणं, ताबा सुटल्याची भावना, लपून खाणं, नंतर तीव्र अपराधीपणा, असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल, तर तो अतिभक्षणाचा विकार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. अशा माणसाने वर सांगितलेली मापं-मोजमापं घेऊन एकट्याने बसू नये.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही तिथवर आलेले दिसत नाही, म्हणून सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे फक्त सकाळचा नाश्ता आणि चार वाजताचं खाणं दुरुस्त करा, शक्य असेल तर झोप अर्ध्या-पाऊण तासाने वाढवा. रात्रीच्या गोडाला या काळात हात लावू नका, खाता तेवढं खा. वहीत रोज दोनच नोंदी: दुपारची तलफ दहापैकी किती होती आणि आदल्या रात्री किती झोपलात. दुपारचा आकडा उतरू लागला की तिसऱ्या आठवड्यात रात्रीचं गोड सोफ्यावरून जेवणाच्या जागी आणा, माप तेच ठेवून. माप कमी करायचं ते त्यानंतर. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी उठल्यावर. दोन किलोंच्या पट्ट्यात वरखाली होत असेल तर काही बदलू नका. सलग चार आठवडे चढतच राहिलं तर रात्रीच्या बशीआधी पेयांकडे आणि चहा-कॉफीच्या कपाकडे बघा.